पेवाच्या तोंडाशी

लेकीची दहावीची परीक्षा संपली त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वीज गेली, आम्ही खिडक्या लावून घेतल्या आणि लॅपटॉपमध्ये आधीच उतरवून ठेवलेला ‘१० क्लोव्हरफील्ड लेन’ बघायला बसलो. तिला भुतांचा सिनेमा नको होता, पण धडधड हवी होती. मी तो काही वर्षांपूर्वी पाहिला होता, म्हणून मीच सुचवला. सिनेमात एक प्रसंग आहे. जमिनीखालच्या आसऱ्याच्या जाड दाराला छोटी काच आहे आणि काचेपलीकडे एक बाई येऊन उभी राहते. चेहऱ्याची कातडी सोललेली. ती आधी समजुतीनं बोलते, मला आत घ्या, मी बरी आहे, मला थोडंसंच लागलंय, म्हणते. मग गयावया करते. मग चिडून डोकं आपटायला लागते. आत सिनेमाची नायिका मिशेल उभी आहे, किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात आहे, किल्ली कुलपापर्यंत पोचलेली आहे. लेकीनं तिथेच सिनेमा थांबवला. पडद्यावर ती बाई तोंड अर्धवट उघडं ठेवून काचेला चिकटलेली राहिली. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. लेक म्हणाली, “आई, तू उघडलं असतंस?”

मी म्हटलं, “नाही.”

तिनं मान हलवली आणि सिनेमा पुढे सुरू केला. तिच्या दृष्टीनं विषय तिथे संपला असावा. मला मात्र त्यानंतरचा अर्धा तास पडद्यावर काय चाललंय ते नीट दिसलंच नाही. माझं उत्तर चूक होतं असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. सोळा वर्षांची पोर शेजारी बसलेली असताना आई दुसरं काय म्हणणार? सलत होता तो त्या ‘नाही’चा वेग. विचारायच्या आधीच कुणीतरी ओठांवर आणून ठेवल्यासारखं ते आलं. एवढ्या झटकन येणारं उत्तर आपण आधी कधीतरी दिलेलं असतं.

सिनेमा तसा तीन माणसांचा. नवऱ्या मुलाशी भांडण होऊन अंगठी आणि किल्ल्या टेबलावर ठेवून न्यू ऑर्लिन्समधून निघालेली मिशेल, रात्री रस्त्यावर झालेला अपघात, आणि मग जाग येते ती सिमेंटच्या खोलीत. हातात सलाईन, गुडघ्याला आधाराची पट्टी, पाय साखळीनं पाइपाला बांधलेला. दार उघडून हॉवर्ड येतो. जॉन गुडमननं हे काम केलंय आणि त्याचा देह, त्याचा श्वास, पावलांचा आवाज हे सगळं त्या छोट्या जागेत एवढं भरून राहतं की भिंती अजून जवळ आल्यासारख्या वाटतात. तो सांगतो, बाहेर हल्ला झालाय, हवा विषारी झालीय, मी तुला वाचवलंय. तिसरा एमेट, ज्यानं ते तळघर बांधायला हॉवर्डला मदत केली होती आणि जो हात मोडून घेऊन धडपडत स्वतःच आत शिरलाय. बस्स, एवढी तीन माणसं. मेरी एलिझाबेथ विन्स्टेडच्या मिशेलला फार बोलावं लागत नाही. ती खोलीतल्या वस्तूंकडे बघते आणि यातलं काय कशाच्या उपयोगी पडेल, याचा हिशेब तिच्या डोळ्यांत चाललेला दिसतो.

दिग्दर्शक डॅन ट्रॅक्टनबर्गचा हा पहिलाच मोठा सिनेमा, २०१६ सालचा. पटकथा आधी स्वतंत्र होती, नंतर ती २००८ च्या ‘क्लोव्हरफील्ड’च्या नावाशी जोडली गेली. या जोडकामावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मला ती फारशी महत्त्वाची वाटत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते त्या तळघरातलं जेवणाचं टेबल. भिंतीला कपाटं, शिस्तीत लावलेले डबे, गाण्यांचं यंत्र, जिगसॉ पझल, जुन्या व्हिडिओ कॅसेटी. सगळं घरासारखं. आणि टेबलाच्या टोकाला बसलेला माणूस वाट बघतोय की हे दोघं कृतज्ञ कधी दिसतील. मिशेल जेवताना एमेटच्या हाताला हात लावते, तेवढ्यानं तो टेबलावर मूठ आपटून ओरडतो. मग तिला माफी मागायला लावतो. खाऊ घातलं, जागा दिली, जीव वाचवला, याची उजळणी होते. आपल्याकडे ‘आसरा दिला’ म्हणताना आवाज मऊ होतो, पण आसरा देणाऱ्यानं तो रोज मोजून दाखवायला सुरुवात केली की त्याचा उपकार होतो, आणि उपकाराखाली माणूस कसा चेपला जातो हे परक्या घरी वाढलेल्या कुणालाही विचारा. कथाकादंबऱ्यांतून भेटणाऱ्या आश्रित बायका मला या टेबलापाशी आठवल्या. वाढलेल्या ताटाकडे बघून आधी वाढणाऱ्याचा चेहरा वाचणाऱ्या.

पण लेकीनं थांबवलेला प्रसंग याहून अवघड आहे. त्या क्षणापर्यंत मिशेलची आणि आपलीही खात्री असते की हा माणूस थापा मारतोय. ती किल्ल्या चोरते, बाटली त्याच्या डोक्यात घालते, पळते, दारापर्यंत पोचते. आणि दाराच्या काचेतून तिला दिसतं की तो खरं बोलत होता. बाहेर खरंच काहीतरी झालंय. ज्याच्या तावडीतून सुटायचं, त्याचंच म्हणणं खरं निघालं. ती परत फिरते आणि थोड्या वेळानं स्वतःच फोडलेलं त्याचं डोकं सुईदोऱ्यानं शिवते. हे टाके घालतानाचं तिचं तोंड बघवत नाही. तिच्या हाताला शिवणाची सवय आहे, तिला कपडे डिझाइन करायचे होते, म्हणून टाके नीट पडतात. एका अर्थानं ती स्वतःलाच आत शिवून घेत असते.

हॉवर्ड खरं बोलत होता. मला वाटतं सिनेमातली सगळ्यात भयंकर गोष्ट ही आहे.

माझं बालपण सांगलीजवळच्या हरिपूरचं. कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि हळदीची पेवं. आता पेव म्हणजे काय हे सांगलीबाहेर सांगावं लागतं. लोकांना ‘पेव फुटलं’ हा वाक्प्रचार तेवढा माहीत असतो. नदीकाठच्या चिकट, घट्ट जमिनीत खणलेला रांजणाच्या आकाराचा खड्डा. तोंड अरुंद, एक माणूस उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. खोली दोन पुरुष, तीन पुरुष. आतून शेणामातीनं लिंपलेलं, तळाला आणि कडेला पाचट. त्यात हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि वरून माती लिंपून टाकायची. वरून चालत गेलात तर पायाखाली लाखोंचा माल आहे हे कळणारही नाही. वर्ष दोन वर्ष, कधी त्याहून जास्त, हळद तशीच राहायची. कीड लागत नसे, कारण कीड जगायला हवा लागते आणि आत हवा उरलेली नसे. आमचे आण्णा, माझे आजोबा, एका अडत दुकानात दिवाणजी होते. पेव उघडायच्या दिवशी ते वही घेऊन हजर असायचे, आणि शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या मागे.

फरशी बाजूला सरकली की पहिल्यांदा वास यायचा. बाजारातल्या हळदीचा नव्हे. उबट, ओलसर, मातीचा आणि हळकुंडांचा एकत्र झालेला, घशाला लागणारा वास. मग सगळे नुसते बसून राहायचे. कुणी विडी ओढायला लांब जायचं, कुणी चहा सांगायचं. पेवाचं तोंड तासन् तास उघडं ठेवायचं. मग एक जण कंदील पेटवायचा, दोरीला बांधायचा आणि हळूहळू खाली सोडायचा. मला आण्णांनी दंडाला धरून कडेपासून दोन हात लांब उभं केलेलं असे, तिथून मी बघायची. कंदील खाली जाताना लिंपलेली भिंत पिवळी होत जायची, मग वर्तुळ लहान लहान होत जायचं. एकदा, मी दुसरीत असेन, तो अर्ध्यावर गेला आणि ज्योत आखडली. निळसर झाली, वातीला चिकटून राहिली आणि गेली. काहीही आवाज नाही. वर काढला तेव्हा काच अजून गरम होती. उतरायला कंबर कसून उभा असलेला हमाल म्हणाला, “गेल्या वर्षी याच पेवात उतरलोय की मी, काय होत नाही.” आण्णांनी वही मिटली. म्हणाले, “तू काय म्हणतोस ते कंदिलाला सांग.” दुपारपर्यंत कुणी उतरलं नाही.

त्या पेवांत माणसं गेलेली होती. एक उतरला, वर आला नाही म्हणून त्याला काढायला दुसरा उतरला, असं. त्या गोष्टी मोठी माणसं आमच्यासमोर अर्धवटच बोलायची. पण हळद जपणारी हवा माणसाला मारते, एवढं मला त्या वयात कळलं होतं. जपून ठेवायची जागा आणि जगायची जागा एक नसते.

म्हणून असेल, सिनेमात मला सगळ्यात जास्त कळतो तो मिशेलचा हवेशी चाललेला झगडा. हवा गाळणारं यंत्र बंद पडतं. तिथवर जाणाऱ्या नळीतून तिच्याएवढीच बारीक व्यक्ती सरपटत जाऊ शकते, म्हणून हॉवर्ड तिलाच पाठवतो. ती यंत्र सुरू करते आणि तिला वर कुलूप लावलेली एक झडप दिसते. झडपेच्या काचेवर मदतीची हाक खरवडलेली आहे. आतल्या बाजूनं. तिच्याआधी इथे कुणीतरी होतं आणि त्या कुणाला तरी बाहेर जायचं होतं. हॉवर्डनं आपली मुलगी म्हणून जिचा फोटो दाखवला ती त्याची मुलगी नव्हती, गावातून बेपत्ता झालेली भलतीच मुलगी होती, हे एमेट ओळखतो. म्हणजे बाहेरच्या हवेबद्दल हा माणूस खरं बोलत होता आणि आतल्या हवेबद्दल नाही. दोन्ही एकाच तोंडातून आलेलं. बंद जागेची खरी मेख इथे आहे. बाहेरची बातमी तुम्हाला फक्त किल्लीवाल्याकडून कळते, आणि एकदा ती खरी निघाली की पुढचं सगळंच खरं मानायची सवय लागते.

दुसऱ्या दिवशी मी यातलं काय काय शोधून वाचत बसले. अमेरिकेत हा दाराचा प्रश्न सिनेमावाल्यांनी काढलेला नाही, तो साठ वर्षं जुना आहे. सप्टेंबर १९६१ मध्ये अध्यक्ष केनेडी यांचं पत्र ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आलं आणि अणुहल्ल्यापासून वाचायला आसरे बांधा असा सल्ला घरोघर पोचला. परसात खड्डे खणले जाऊ लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस एल. सी. मॅकह्यू नावाच्या जेझुइट पाद्र्यांनी ‘अमेरिका’ या कॅथलिक नियतकालिकात लिहिलं की आपल्या कुटुंबापुरता बांधलेला आसरा शेजाऱ्यांपासून राखायला बळ वापरलं तरी ते पाप ठरत नाही. इतर धर्मगुरू त्यांच्यावर तुटून पडले, मोठा वाद झाला. मला त्यातला एक तपशील छळतो. हल्ला झाला नव्हता. एकही बाँब पडला नव्हता. दारापाशी शेजारी आलाच तर काय करायचं, हे लोकांनी आधीच ठरवायला घेतलं होतं. झटकन येणारं ‘नाही’ असं तयार होतं, शांततेच्या काळात, थोडं थोडं करून.

आणि मिशेल जिथून निघते ते लुईझियाना राज्यातलं न्यू ऑर्लिन्स. चित्रीकरणही तिथलंच. २९ ऑगस्ट २००५ ला कतरीना वादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. पुढे तीन दिवसांनी, १ सप्टेंबरला, शहरात अडकलेली माणसं मिसिसिपीवरच्या पुलावरून पायी पलीकडे निघाली. पलीकडे ग्रेटना हे कोरडं गाव. पुलावर ग्रेटनाचे पोलीस बंदुका घेऊन उभे होते. त्यांनी लोकांना परत फिरवलं, हवेत गोळ्या झाडल्या. आमच्याकडे जागा नाही, पाणी नाही, व्यवस्था नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे गावाच्या कारभाऱ्यांनी ठराव करून पोलिसांना पाठिंबा दिला. पुलावर अडवलेल्यांत काळ्या माणसांचा भरणा होता, ही गोष्ट त्या ‘जागा नाही’पासून वेगळी काढता येत नाही. म्हणजे दाराच्या काचेवर डोकं आपटणारी ती बाई लुईझियानात काही पहिल्यांदा आलेली नव्हती.

२००५. तेच साल आमचंही.

त्या वर्षी जुलैअखेर कृष्णेचं पाणी चढायला लागलं. आमचं घर बैठं. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा समोरच्या दोन मजली घरातून हाक आली, वर या. हाक कुणी दिली, काका की काकू, तेही आठवत नाही, कारण त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. आम्ही, मागच्या आळीतली दोन घरं, एक म्हातारी आणि तिची शेळी, असे वीस-बावीस जण त्यांच्या वरच्या मजल्यावर. आई त्यांच्या स्टोव्हवर त्यांच्याच डब्यातल्या तांदळाची खिचडी करत होती. तिसऱ्या दिवशी पिण्याच्या पाण्यावरून कुरबूर झाली, खरं सांगते. कळशी कुणी जास्त भरून घेतली यावरून काकू आईला टाकून बोलल्या, आणि आई त्या रात्री जेवली नाही. पण खाली जा असं कुणी म्हणालं नाही. पाणी उतरल्यावर आण्णा पेवांकडे गेले, मी त्यांच्याबरोबर. पेवांत पाणी शिरलं होतं. उपसलेलं पाणी पिवळंधम्मक होतं आणि कुजलेल्या हळदीचा वास दूरपर्यंत पसरला होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर भरवसा ठेवला तीच आतून भिजली होती. आण्णा एका तोंडाशी उकिडवे बसले आणि हातानं कडेची माती चाचपत राहिले. बऱ्याच वेळानं उठले, धोतराला हात पुसले, पिवळे डाग पडले. त्यांना नंतर पेवांबद्दल बोलताना मी फारसं ऐकलं नाही.

म्हणजे मी काचेच्या त्या बाजूला होते. पाण्यातून वर घेतलेल्यांतली. मग पंधरा वर्षांत माझं असं काय झालं?

एप्रिल २०२०. आमच्या घरी आठ वर्षं काम करणाऱ्या मावशींकडे घराची एक किल्ली असायची. आम्ही दोघं नोकरीवर, लेक पाळणाघरात, त्या येऊन भांडी, केर करून, गॅलरीतले कपडे घडी करून लॅच ओढून जायच्या. २५ मार्चला सगळं बंद झालं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज नवा नियम यायचा. बाहेरचं कुणी आत नको, पार्सल फाटकावर, लिफ्टची बटणं टूथपिकनं दाबा. नियम चुकीचे नव्हते. आमच्या इमारतीत पंच्याहत्तरी ओलांडलेली चार माणसं होती, एकांचं डायलिसिस चालू होतं. आजार खरा होता. रात्री रुग्णवाहिकांचे आवाज खरे होते. ज्यांनी फाटक बंद केलं ते खरं बोलत होते.

एका दुपारी इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, “ताई, तुमच्या मावशी आल्यात, खाली या म्हणतात.” मी म्हटलं, येता येणार नाही, पगार मी तिच्या मुलाच्या फोनवर पाठवते म्हणून सांगा. मग गॅलरीत गेले. चौथ्या मजल्यावरून फाटक तिरकं दिसतं. ऊन मी म्हणत होतं. मावशी पदर नाकातोंडावर गुंडाळून फाटकाच्या बाहेर उभ्या होत्या, त्यांच्या वस्तीपासून आमच्यापर्यंत चालत यायला पाऊण तास लागतो. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून काहीतरी काढलं आणि फाटकाच्या गजांतून आत ठेवलं. वॉचमननं ते लांबूनच पायानं ओढलं, बाटली घेतली आणि त्याच्यावर फवारा मारला. मला वरून चमक दिसली. किल्ली होती.

मग त्यांनी वर बघितलं. त्यांना आमची गॅलरी नेमकी माहीत, आठ वर्षं तिथले कपडे काढलेले.

मी दोरीवरच्या चादरीमागे सरकले.

एक पाऊलच. कुणाला सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. मी फाटक बंद केलं नव्हतं, नियम केला नव्हता, पगार तर त्याच संध्याकाळी पाठवला, पुढचे तीन महिनेही पाठवला. पण ओल्या चादरीचा साबणाचा वास अजून माझ्या नाकात आहे. खाली हात हलवायला काय लागत होतं? हात हलवल्यानं कुणाला आजार होत नाही. दार न उघडणं एक वेळ समजतं. काचेपासून तोंड फिरवणं कशासाठी? मिशेलनं दार उघडलं नाही, पण ती त्या बाईसमोरून हलली नाही. रडत का होईना, बघत राहिली. दुसऱ्यांदा सिनेमा बघताना मला हे दिसलं आणि माझ्या ‘नाही’खाली काय दडलं होतं तेही.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला शेवट आवडला नव्हता. दीड तास तळघरात जीव मुठीत धरून बसवल्यावर शेवटच्या पंधरा मिनिटांत परग्रहावरचं संकट आणून सिनेमा फिस्कटला असं मी तावातावानं नवऱ्याला सांगितलं होतं. आता तसं वाटत नाही. मिशेल बदकांची नक्षी असलेल्या न्हाणीघराच्या पडद्यातून संरक्षक पोशाख शिवते, मुखवटा प्लॅस्टिकच्या बाटलीचा. एमेट तिला वाचवायला सगळा दोष स्वतःवर घेतो आणि जिवाला मुकतो. हॉवर्ड दाढी करून, नीटनेटका होऊन तिच्यासमोर येतो, जणू आता संसार सुरू होणार. या दृश्यापुढे परग्रहवासी काहीच नाहीत. आणि ती निसटते, वर येते, गवतात पडते. मुखवटा घट्ट धरलेला. तेव्हा तिला आकाशात पक्षी उडताना दिसतात.

तिथे मी लेकीचा हात धरला. कंदील, मी म्हटलं. तिला काही कळलं नाही.

पक्षी उडतायत म्हणजे हवा चालते. ती मुखवटा काढते आणि श्वास घेते. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. पुढे गाडीच्या रेडिओवर ऐकू येतं की वाचलेल्यांनी बॅटन रूजच्या दिशेला जावं, आणि ज्यांना उपचाराचा किंवा लढण्याचा अनुभव आहे त्यांची ह्यूस्टनला गरज आहे. ती गाडी ह्यूस्टनकडे वळवते. याच मुलीनं तळघरात एमेटला सांगितलेलं असतं की एका दुकानात तिनं एका बापाला आपल्या लहान मुलीला हाताला हिसडे देत ओढताना पाहिलं. तिचं स्वतःचं लहानपण तसंच गेलेलं. मध्ये पडावंसं वाटलं आणि ती पडली नाही, निघून गेली. ती नेहमी निघूनच जायची. मला तो रस्त्यावरचा वळणाचा प्रसंग फार आवडतो, आणि त्याचा हेवाही वाटतो. सिनेमात वळायला रस्ता मिळतो, पाटी असते, रेडिओवर आवाज असतो.

मावशी जुलैमध्ये कामावर परत आल्या. कुणी त्या दुपारचा विषय काढला नाही. किल्ली माझ्या कपाटाच्या खणात, वॉचमननं ज्या कागदात गुंडाळून दिली होती त्या कागदात, इतकी वर्षं आहे. फवाऱ्याचे डाग वाळून कागद कडक झालाय. मावशी आता बेल वाजवतात. मी घरून काम करते, त्यामुळे दार उघडायला कुणीतरी असतंच. आठच्या सुमाराला एकदाच, आखूड. त्या बेलचा आवाज मी कधी मनावर घेतला नव्हता.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली तेव्हा मी खणातून किल्ली काढून हातात घेऊनच दारापाशी गेले. रात्रीच्या पावसानं जिन्यात ओलं होतं, मावशी पायपुसण्यावर पाय घासत होत्या. मी म्हटलं, “मावशी, ही तुमच्याकडे ठेवा. पहिल्यासारखी.” त्यांनी किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेवढा वेळ मी जागची हलले नाही. मग त्यांनी छत्री दाराआड टेकवली, पदर खोचला आणि आत येता येता म्हणाल्या, “राहू द्या ताई. तुम्ही असताच की आता घरी.”

स्वयंपाकघरातून नळ सोडल्याचा आवाज आला. मी किल्ली घेऊन थोडा वेळ तशीच उभी होते. मग ती खणात परत न ठेवता दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली, त्यांना जाता-येता दिसेल अशी.